मोफत ई-पुस्तक उतरवले, पण ई-रीडरवर उघडत नाही: लक्षणे आणि क्रमाने करायच्या तपासण्या

लक्षणे

‘पुस्तक उघडत नाही’ या एका वाक्यात अनेक वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत, म्हणून आपल्यासमोर नेमके काय घडते आहे हे आधी नीट पाहून घ्यावे.

कधी फाइल संगणकावरून यंत्रात टाकलेली असते, संगणकाला ती तिथे दिसतही असते, पण ई-रीडरच्या पुस्तकयादीत तिचे नावच येत नाही. कधी नाव येते, पण उघडायला गेले की फाइल खराब आहे किंवा हा प्रकार चालत नाही असा संदेश येतो. कधी पुस्तक उघडते, मात्र मजकुराच्या जागी रिकामे चौकोन किंवा डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन अक्षरांच्या रांगा दिसतात. मराठी वाचकाला विशेष छळणारा प्रकार असा, की अक्षरे देवनागरीच असतात, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटून प्रत्येक व्यंजनाचा पाय मोडलेला दिसतो. काही वेळा पुस्तक व्यवस्थित उघडते, फक्त अक्षर अतिशय बारीक असते आणि ते मोठे करण्याची सोय बंद असते. परवाना नाही किंवा हे यंत्र अधिकृत नाही असा संदेश येत असेल, तर तो प्रश्न फॉरमॅटचा नाहीच. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे. याखेरीज अनुक्रमणिका गायब असणे, एखादे लांब प्रकरण मध्येच तुटणे आणि नवी पुस्तके टाकल्यापासून बॅटरी भराभर उतरणे ही कमी ठळक, पण नेहमीची लक्षणे आहेत.

ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एव्हाना फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात बदलून पाहिलेली असते. माझ्या मते रूपांतर ही मधली पायरी आहे. हातातली फाइल खरोखर कसली आहे हे ठरवणे ही पहिली पायरी, आणि तिला काहीच खर्च येत नाही.

फाइलीचा आकार आणि नावाचा शेवट

सर्वप्रथम फाइलीचा आकार पाहावा. चित्रे नसलेली कादंबरी साधारणतः काहीशे केबी ते एक-दोन एमबी एवढी भरते. फाइल जेमतेम काही केबींची असेल, तर ते पुस्तक नसून बहुधा अर्धवट उतरलेला तुकडा, पुस्तकाच्या जागी जतन झालेले वेबपान किंवा एसीएसएम फाइल असते. एसीएसएम ही फक्त चिठ्ठी आहे; अडोबी डिजिटल एडिशन्ससारख्या प्रोग्रॅमने ती उघडली, की मग खरे पुस्तक त्या चिठ्ठीच्या आधारे उतरते. ती जशीच्या तशी यंत्रात टाकून बहुतेक ई-रीडरवर काहीही होत नाही.

त्यानंतर नावाचा शेवट पाहावा, आणि त्यासाठी विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन्स दाखवण्याचा पर्याय सुरू करून घ्यावा, कारण तो मुळात बंद असतो. तो सुरू केल्यावर ‘ईपब’ (ई-पुस्तकांचा सर्वसाधारण खुला प्रकार) समजून टाकलेल्या फाइलीच्या नावापुढे कधी ‘झिप’ (फाइली दाबून एकत्र बांधण्याचा प्रकार) असा आणखी एक शेवट लपलेला आढळतो. आतली फाइल बाहेर काढली की काम होते. मॅकवरून पुस्तके टाकणाऱ्यांना एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी दिसतात आणि त्यांतली एक कधीच उघडत नाही. जिच्या नावाची सुरुवात टिंब आणि अधोरेषेने होते, ती मॅकने स्वतःच्या नोंदींसाठी तयार केलेली जोडफाइल असते. ती निर्धास्तपणे पुसावी.

एक्स्टेन्शन बदलल्याने फॉरमॅट बदलत नाही. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. पीडीएफच्या नावापुढे ईपब लिहिले की यादीत नाव येते आणि पुस्तक मात्र उघडत नाही, हे त्याचेच लक्षण होय.

फाइलीची सुरुवात वाचणे

नावावर विश्वास ठेवायचा नसेल, तर फाइलीची एक प्रत काढून ती नोटपॅडसारख्या साध्या मजकूर-संपादकात उघडावी आणि काहीही न बदलता फक्त पहिली ओळ पाहावी. बाकीचा पडदा निरर्थक चिन्हांनी भरेल, त्याकडे दुर्लक्ष करावे. सुरुवातीला रोमन पी आणि के ही अक्षरे असतील, तर ती झिप जातीची फाइल आहे. ईपब ही आतून झिपच असते, आणि पीके ही झिप फॉरमॅटचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. अस्सल ईपबमध्ये त्या अक्षरांपाठोपाठ पहिल्याच ओळीत ‘माइमटाइप’ हा शब्द आणि ‘अॅप्लिकेशन, ईपब, झिप’ असा उल्लेख वाचता येतो, कारण ही छोटी नोंद सर्वांत आधी आणि न दाबता ठेवावी असा नियमच आहे. सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे असतील तर फाइल पीडीएफ आहे. पुस्तकाचे नाव आणि थोड्या अंतरावर ‘बुकमोबी’ हा जोडशब्द दिसला तर ती किंडलवर चालणारी मोबी किंवा तिच्याच कुळातली एझेडडब्ल्यू३ आहे. कोनी कंसात ‘डॉकटाइप एचटीएमएल’ दिसले, तर आपण पुस्तकाऐवजी त्याच्या डाउनलोडचे पान उतरवून आणले आहे.

या एका तपासणीने इतके गैरसमज दूर होतात, की ती करण्याआधी मी पुढे कशालाच हात लावत नाही. पीके दिसले पण माइमटाइपची नोंद नाही, असेही कधी आढळते. कोणीतरी ईपब उलगडून पुन्हा साधी झिप केलेली असते. संगणकावरचे उदार प्रोग्रॅम ती चालवून घेतात, काटेकोर ई-रीडर मात्र नाकारतात.

केबल आणि सुरक्षित काढणे

फाइल ठीक निघाली आणि तरीही यादीत येत नसेल, तर केबल बदलून पाहावी. काही केबली फक्त चार्जिंग करतात, त्यांतून माहिती जात नाही. यंत्र संगणकातून काढण्याआधी ‘इजेक्ट’ करणेही आवश्यक आहे, कारण फाइल पडद्यावर उतरलेली दिसली तरी तिचा शेवटचा भाग लिहून व्हायचा असू शकतो, आणि शेपटाकडून तुटलेली ईपब हमखास उघडत नाही, याचे कारण असे की झिपची आतली सूची फाइलीच्या शेवटी असते. अमेझॉनची नवी किंडल यंत्रे पूर्वीप्रमाणे पेनड्राइव्हसारखी जोडली न जाता एमटीपी पद्धतीने जोडली जातात. मॅकवर त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो आणि तो नसेल तर यंत्र जोडलेलेच दिसत नाही. त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

कोणत्या यंत्राला काय चालते

ईपब हे २००७ साली प्रमाण म्हणून मान्य झालेले खुले स्वरूप आहे आणि आता त्याची जबाबदारी वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे आहे. कोबो, पॉकेटबुक आणि इतर बहुतेक यंत्रे ते थेट वाचतात. मोबी हे मोबीपॉकेट या फ्रेंच कंपनीचे स्वरूप. ती कंपनी २००५ मध्ये अमेझॉनने घेतली आणि किंडलची पुढची स्वरूपे, म्हणजे एझेडडब्ल्यू३ आणि नंतरचे केएफएक्स, त्याच घरात वाढली. या इतिहासामुळेच किंडल आणि बाकीचे जग अशी विभागणी आजही टिकून आहे.

गोंधळाचे मूळ पुढील गोष्टीत आहे. केबलने टाकलेली ईपब किंडल दाखवत नाही. तीच फाइल ‘सेंड टू किंडल’ सेवेतून पाठवली तर २०२२ पासून स्वीकारली जाते, कारण वाटेत अमेझॉनच्या सर्व्हरवर तिचे रूपांतर होते. मोबीचे नेमके उलटे आहे: केबलने टाकलेली मोबी अजूनही उघडते, पण त्या सेवेने नव्या मोबी फाइली घेणे थांबवले आहे. म्हणजे एकच फाइल एका वाटेने चालते आणि दुसऱ्या वाटेने चालत नाही, आणि एखाद्याने ‘माझ्याकडे तर उघडली’ असे सांगितले तरी त्याने कोणत्या वाटेने टाकली हे विचारल्याशिवाय त्या माहितीचा उपयोग नाही.

कोबोसाठी केपब ही ईपबचीच सुधारित आवृत्ती असते. तिच्या नावात ‘केपब’ आणि ‘ईपब’ असा दुहेरी शेवट असतो. नाव आटोपशीर करण्याच्या भरात त्यातला पहिला भाग काढला, की यंत्र ती साधी ईपब म्हणून उघडते आणि केपबचे फायदे मिळत नाहीत.

मूळ ठिकाणाहून योग्य प्रत पुन्हा उतरवणे

चुकीच्या फॉरमॅटची फाइल हाती असेल, तर रूपांतराआधी मूळ ठिकाणी परत जावे. १९७१ मध्ये मायकल हार्ट यांनी सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती असतात: नव्या यंत्रांसाठी ईपब ३, जुन्या ई-रीडरसाठी वेगळी ईपब, किंडलसाठी स्वतंत्र फाइल आणि साधा मजकूर. स्टँडर्ड ईबुक्सवर ईपब, एझेडडब्ल्यू३ आणि केपब तिन्ही मिळतात. विकिस्रोतावरील मराठी पुस्तके तिथूनच ईपब म्हणून काढता येतात. मूळ मजकुरापासून तयार केलेली प्रत ही आपण घरी रूपांतरित केलेल्या प्रतीपेक्षा जवळपास नेहमीच चांगली निघते.

इंटरनेट अर्काइव्हच्या बाबतीत मात्र सावध राहावे. तिथे स्कॅन केलेल्या पुस्तकांसोबत दिसणारी ईपब बहुतांशी स्कॅनवरून अक्षरे ओळखून यंत्राने आपोआप बनवलेली असते. तिच्यात अशुद्ध शब्द, मजकुरात घुसलेले पृष्ठक्रमांक आणि मोडकी वाक्ये दिसली, तर फाइल बिघडलेली नाही आणि ई-रीडरही बिघडलेला नाही. ओळखच सदोष आहे. तिथे स्कॅनची पीडीएफ वाचणे बरे. पुस्तक प्रताधिकारमुक्त आहे की नाही हे देशागणिक बदलते, हेही उतरवण्यापूर्वी पाहून घ्यावे.

मजकुराऐवजी भलतीच अक्षरे

मराठी पुस्तक उघडल्यावर रोमन ‘ए’वर तिरपी रेघ, त्यापाठोपाठ चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह, पुन्हा तोच ‘ए’, अशी पानभर माळ दिसत असेल, तर निदान जवळपास निश्चित आहे. यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित संकेतात (अक्षरे बाइटांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यातला पहिला बाइट सर्वांसाठी एकच असतो. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ते बाइट जुन्या पाश्चात्त्य संकेतानुसार सुटे सुटे वाचले, की पहिल्या बाइटचा दर वेळी तोच रेघवाला ‘ए’ होतो आणि दुसऱ्याचे चलनचिन्ह किंवा येन होते. मजकूर शाबूत आहे, तो कोणत्या संकेतात लिहिला आहे एवढेच फाइलीत सांगितलेले नाही. ‘सेंड टू किंडल’ने पाठवलेल्या ईपबमध्ये हे विशेष आढळते, कारण प्रकरणाच्या पहिल्या ओळीत संकेताची नोंद नसेल तर रूपांतर करणारा सर्व्हर यूटीएफ-८ गृहीत धरत नाही. उपाय सोपा आहे: कॅलिबर या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या ईपबचे पुन्हा ईपबमध्येच रूपांतर करावे. ती नोंद नव्या फाइलीत आपोआप येते.

रिकामे चौकोन दिसणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा अर्थ संकेत बरोबर आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. पुस्तकातच फॉन्ट अंतर्भूत असेल तर वाचन-सेटिंगमध्ये प्रकाशकाचा फॉन्ट निवडावा. नसेल तर किंडल आणि कोबो या दोन्हींवर ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये नोटो किंवा मुक्तसारखा मोफत देवनागरी फॉन्ट टाकता येतो.

वेलांटी सरकणे आणि जोडाक्षरे फुटणे हा मात्र केवळ फॉन्टचा प्रश्न नाही. ‘कि’ लिहिताना फाइलीत आधी क येतो आणि मग वेलांटी. तिला उचलून डावीकडे नेणे हे अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रणेचे काम आहे. जुन्या ई-रीडरमध्ये ती यंत्रणा नसते किंवा अपुरी असते. फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत करणे हा येथे पहिला उपाय, आणि पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ अशी नोंदवणे हा दुसरा, कारण अनेक मराठी ईपबांवर भाषा इंग्रजी अशीच राहून गेलेली असते आणि काही यंत्रे फॉन्टची निवड त्या नोंदीवरून करतात. दोन्ही करूनही वेलांटी जागेवर येत नसेल, तर त्या यंत्रावर मराठी ईपब वाचण्याचा हट्ट सोडावा आणि पीडीएफकडे वळावे, कारण पीडीएफमध्ये जुळवलेली अक्षरे पानावर आधीच ठेवलेली असतात.

पीडीएफची अडचण

पीडीएफ हे छापील पानाचे चित्रण आहे. ए-४ पान २१ सेंटीमीटर रुंद असते आणि सहा इंची ई-रीडरचा पडदा सुमारे ९ सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण पान दाखवताना १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटांएवढे उरते. सेटिंग कितीही बदलले तरी हे गणित बदलत नाही. समास कापून दाखवणे, यंत्र आडवे धरणे आणि त्यानेही न भागल्यास के-टू-पीडीएफ-ऑप्ट हा मोफत प्रोग्रॅम वापरणे, हा क्रम ठेवावा. हा प्रोग्रॅम पानाच्या चित्रातले शब्द कापून छोट्या पडद्यासाठी पुन्हा रचतो, त्यामुळे त्याला लिपीशी कर्तव्य नसते आणि स्कॅनवरही तो चालतो.

पीडीएफपासून ईपब करण्याआधी एक चाचणी अवश्य करावी. पीडीएफमधली एक ओळ निवडून साध्या मजकूर-संपादकात चिकटवावी. ओळ निवडताच आली नाही, तर पाने ही चित्रे आहेत. ओळ स्वच्छ देवनागरीत आली, तर रूपांतराला अर्थ आहे. आणि पडद्यावर मराठी दिसत असूनही चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा काला आला, तर बहुधा ते पुस्तक श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (सर्व लिपींसाठीचा आजचा सामायिक संकेत रूढ होण्याआधीच्या) पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आहे. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, म्हणून तो फॉन्ट बाजूला झाला की मराठीही नाहीशी होते. मराठीतील मोफत पीडीएफांमध्ये हे इतके सर्रास आढळते, की ही चाचणी न करता रूपांतराला बसणे म्हणजे संध्याकाळ वाया घालवणे होय.

आता रूपांतर आणि दुरुस्ती

इथपर्यंत येऊनही अडचण कायम असेल, तरच कॅलिबरच्या रूपांतराकडे वळावे. किंडलला केबलने द्यायचे असेल तर एझेडडब्ल्यू३ करावे. जुन्या मोबीपेक्षा त्यात मांडणी आणि अंतर्भूत फॉन्ट अधिक चांगले टिकतात. जुन्या ई-रीडरवर अनुक्रमणिका गायब असेल, तर ईपब आउटपुटच्या पर्यायांत आवृत्ती २ निवडावी, कारण ईपब ३ मध्ये अनुक्रमणिकेची फाइल वेगळ्या प्रकारची असते आणि जुनी यंत्रे ती ओळखत नाहीत.

लांब प्रकरण मध्येच तुटणे किंवा यंत्र गोठणे यामागे फाइलीच्या पोटातला एखादा अवाढव्य भाग असतो. अनेक जुन्या यंत्रांना सुमारे ३०० केबीपेक्षा मोठा सलग भाग पेलत नसे, म्हणून कॅलिबर मुळातच २६० केबीच्या पुढचे भाग तोडते. वर सांगितलेल्या तीन बाइटांमुळे मराठी प्रकरण या मर्यादेला इंग्रजी प्रकरणापेक्षा फार लवकर भिडते, हे इंग्रजी पुस्तकांच्या अनुभवावरून लिहिलेल्या सल्ल्यांत सहसा आढळत नाही.

तरीही फाइल नाकारली जात असेल तर ती ईपबचेक या मोफत साधनातून तपासावी. लांबलचक यादी पाहून घाबरू नये. ‘वॉर्निंग’ सोडून द्याव्यात आणि ‘एरर’ तेवढ्या वाचाव्यात. स्रोत नसलेली चित्रे, न बंद झालेली खूण (टॅग) आणि चुकीची भाषानोंद हे नेहमीचे गुन्हेगार असतात, आणि कॅलिबरच्या पुस्तक-संपादकात त्यांपैकी बऱ्याच दुरुस्त्या आपोआप होतात.

यंत्राची पाळी

सर्व पुस्तके मंदावली असतील किंवा बॅटरी भराभर उतरत असेल, तर यंत्र बहुधा नव्या पुस्तकांची शोधसूची बनवत आहे आणि एखाद्या बिघडलेल्या फाइलीवर अडकले आहे. शेवटची टाकलेली पुस्तके काढावीत, यंत्र बंद करून चालू करावे आणि मग ती थोडी थोडी करून परत टाकावीत. ज्या खेपेला त्रास परतेल, त्या खेपेत दोषी फाइल आहे. फर्मवेअर फक्त निर्मात्याकडूनच घ्यावे. फॅक्टरी रीसेट सर्वांत शेवटी, आणि तेही पुस्तकांची व टिपांची प्रत काढल्यावरच.

कुठे थांबावे

परवान्याचा संदेश येत असेल तर तिथेच थांबावे. अडोबीच्या ओळखीवर सर्वसाधारणपणे सहा यंत्रे अधिकृत करता येतात आणि जुनी यंत्रे मोजणीत अडकून राहतात. ती मोकळी करून घेण्यासाठी अडोबीच्या मदतकक्षाकडे, आणि उसन्या किंवा विकत घेतलेल्या पुस्तकासाठी ते देणाऱ्या ग्रंथालयाकडे वा दुकानाकडे जावे. कुलूप तोडणारी साधने वापरणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे आणि मी त्यात मदत करत नाही.

यंत्राची मागची बाजू फुगलेली दिसली किंवा पडदा कडेने उचललेला दिसला, तर चार्जिंग ताबडतोब बंद करावे आणि ते स्वतः उघडू नये. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली गेल्यास पेट घेऊ शकते. वेगवेगळ्या संगणकांवर आणि चांगल्या केबलींनी जोडूनही यंत्र दिसत नसेल, रीसेटनंतर यंत्रासोबत आलेली पुस्तकेही उघडत नसतील, किंवा टाकलेल्या फाइली आपोआप नाहीशा होत असतील, तर साठवण-चिप किंवा जोडणीचा भाग खराब झाल्याचा संशय घ्यावा. तेथून पुढे काम अधिकृत सेवा केंद्राचे आहे.

यंत्र देण्यापूर्वी ते संगणकाला दिसत असेल तर टिपा काढून घ्याव्यात: किंडलवर त्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमधल्या ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत असतात, कोबोवर ‘कोबो’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमधल्या डेटाबेसमध्ये. खात्याची नोंदणी त्या यंत्रावरून काढावी, आणि तंत्रज्ञाला यंत्राचे मॉडेल, फर्मवेअरचा क्रमांक, फाइलीचा खरा प्रकार व ती कोणत्या वाटेने टाकली होती हे लिहून द्यावे.